खांबाला पाणी लागलं की

हॅलो?… हॅलो, कोण बोलतंय?… कोण?

आई?

…नाही, नाही, ठेवू नकोस. ओळखला गं आवाज. वर्षभराने ऐकतेय, एवढंच.

हो, सोलेनच. आणखी कोण उचलणार इथे?

होती ना, आजच होती सुनावणी. आत्ताच आले कोर्टातून. कोटही काढला नाही अजून.

नाही.

नाही म्हणजे पोरगी परत नाही दिली, आई. एनोरा तिकडेच राहणार, कोर्टाने नेमलेल्या त्या सांभाळणाऱ्या कुटुंबाकडे. सहा महिने तरी. मग पुन्हा बघू म्हणाल्या जजबाई.

अगं, रडू नकोस… आता तूही रडायला लागलीस तर मी काय करायचं?

…बोलले ना! वकीलबाईंनी पढवलं तसं सगळं बोलले. समुद्रात कालवं वाढवायचं काम असंच, ओहोटी पहाटे आली की पहाटे जावं लागतं, पोरगी गाढ झोपली होती, ती उठायच्या आत परतणार होते… जजबाई पॅरिसकडच्या. ओहोटी रोज वेगळ्या वेळी का येते, हे समजावण्यातच निम्मा वेळ गेला.

हो, तेही सांगितलं. म्हटलं, आमच्याकडे सगळ्याच बायका असंच करत आल्यात, माझी आईही आम्हाला झोपवून जायची.

काय म्हणणार? म्हणाल्या, ‘मादाम, तुमचं नशीब चांगलं होतं.’

…चिडू नकोस. बाई वाईट नाहीत गं. शेवटी एकच विचारलं. जवळपास तुमचं कोणी राहतं का? म्हटलं, आई. किती लांब? म्हटलं, तीन घरं सोडून. मग त्यांना का नाही सांगितलंत?

काय सांगणार होते? की मी बाबांची बोट विकली म्हणून आमचा अबोला आहे? तिथे उभं राहून ते इतकं पोरकट वाटलं, आई. इतकी लाज वाटली.

हॅलो? आहेस ना?

…काय? सावकाश बोल, काही कळत नाहीये. खिडकीतून काय?

…पोरगी पाण्याकडे जाताना दिसली, म्हणून बंबवाल्यांना तू फोन केलास?

थांब. थांब जरा. बसू दे मला.

आणि इतके दिवस मी शेजारच्या ल गॉफबाईंना शिव्या घालतेय!

हो, हो… त्या गुडघ्यावर तुला पळता आलं नसतं, कळतंय… अगं ऐक ना. ऐक. बरं केलंस. नाही आई, खरंच. पाणी चढत होतं. मी तिकडे पाठ करून कालवांच्या पिशव्या उलटत होते, मला दिसलीसुद्धा नाही ती. बंबवाल्यांची गाडी वाळूत उतरली नसती तर…

राग? येतोय की. पण बरं केलंस.

ती का निघाली होती, माहितेय? जजबाईंनी तिला एकटीला आत नेऊन विचारलं. म्हणाली, ‘खांबाला पाणी लागलं होतं. आजी म्हणते, खांबाला पाणी लागलं की आईला हाक मारायची.’ आधी खिडकीतूनच मारली म्हणे. मला ऐकू गेली नाही, म्हणून जवळ यायला निघाली. माझे गमबूट घालून.

…असं नको ना बोलूस. मलाही तूच शिकवलंस ते, वाळूतल्या त्या खांबाला पाणी लागलं की भरती आली, परत फिरायचं. किनाऱ्यावर जो असेल त्याने हाक मारायचीच.

खातेपिते, बरी आहे. पण तिथे समुद्र नाही गं. बुधवारी भेटले की पहिलं हेच, ‘आज पाणी कधी फिरणार? आणि तुला हाक कोण मारतं?’

…मी म्हणते, मारतं कोणीतरी.

एक आहे… पुढच्या वेळी नाव द्यायचंय. मी ओहोटीवर असताना घरात कोण थांबेल, त्याचं नाव. तुझं… देऊ?

बरं. बरं, ऐकलं. ओरडू नकोस.

उद्या? हो, उद्याही पहाटेच. पण आता कशाला येतेस आई? घरात आहे कोण सांभाळायला?

…

बरं, ये. त्या खिडकीत बस. आणि खांबाला पाणी लागलं की हाक मार मला. मोठ्याने मार.

ठेवते.