ह्यांचा पॅरलल फोन

काय झालं, मी तूर निवडत होते आणि लेकीच्या मुलाखतीचा निरोप आला. उद्याच, घरून, व्हिडिओवर. आमचं घर भूमच्या पार टोकाला. नेट फोनच्याच वायरीवरून येतं आणि टेलिफोन एक्स्चेंजपासून वायर लांब, त्यामुळं चित्र सारखं अडकायचं.

"उद्या असंच झालं तर?" लेक रडकुंडीला आली.

मी टेलिफोनचा लाइनमन बोलावला. "वहिनी, पॅरलल फोन हाय का घरात? ह्याच लाइनीवरचा दुसरा?"

"आतल्या खोलीत. ह्यांचा."

"त्योच नेटचा स्पीड खातोय. वायर तोडू?"

लेक हॉस्टेलला असताना आम्ही दोघं दोन फोनांवरून एकदमच तिच्याशी बोलायचो. हे गेल्यापासून तो कुणी उचलला नव्हता.

लेक म्हणाली, "राहू दे, आई."

"नुसती पिन काढा," मी लाइनमनला म्हणाले. "मुलाखत झाली की मी लावते."

मुलाखत न अडकता झाली. लेक नोकरीवर गेली. पिन लावायची राहिलीय.