कोरड्या मुठीने

(सकाळचा गोठा. दोन गायी, काळी आणि तांबडी, एक रिकामा कॅन. बाहेर मोटरसायकल.)

सासू : म्हणजे माझ्या हातात खोट आहे, असंच ना?

सून : हातात नाही, आई. सवयीत.

सासू : तेच ते. तू या घरात आलीस तेव्हा तुला कास कुठली आणि पोट कुठलं ते कळत नव्हतं. मी शिकवलं.

सून : तुम्हीच शिकवलंत. म्हणून तर बोलायला जीभ रेटत नव्हती. पण परवाचं आणि कालचं, दोन्ही दिवसांचं दूध केंद्रावरून परत आलं, आज तिसऱ्यांदा आलं तर ते आपलं दूधच बंद करणार आहेत. आणि मग हे तांबडीला विकायला काढणार.

सासू : त्याची हिंमत आहे? तांबडीला मी वाढवलंय.

मुलगा : (बाहेरून) आई, मला हौस नाही. दूध कुणी घेतलं नाही तर दोघींना खायला कुठून घालू?

सासू : तू गाडी पूस. मध्ये बोलू नकोस.

सून : आई, काल मी एक गोष्ट केली. काळीचं दूध दोन बाटल्यांतून केंद्रावर नेलं. एका बाटलीत तुमच्या चरवीतलं, दुसऱ्या बाटलीत मी काढलेलं.

सासू : मला न विचारता?

सून : विचारलं असतं तर नेऊ दिलं असतंत?

सासू : ...पुढे बोल.

सून : तिथे दुधात निळं औषध टाकतात. जंतू जितके जास्त, तितका रंग लवकर उडतो. तुमच्या बाटलीतला बघता बघता उडाला. माझी बाटली निळी ती निळीच.

सासू : गाय तीच ना?

सून : गाय तीच, वेळ तीच. फरक एवढाच की सड कोरडे वाटले की तुम्ही चरवीतल्या दुधात बोटं बुडवता आणि तीच बोटं पुन्हा सडांना लावता. सडावरची घाण बोटावर, बोटावरची दुधात.

सासू : मग काय कोरड्याने ओढू? सड सोलवटतील. लाथ तुला नाही, मला बसेल.

सून : ओढायचंच नाही. चिमटीत धरून ओढता, म्हणून ओलं लागतं. पूर्ण मुठीत धरा आणि वरून खाली एकेक बोट दाबत या. हे बघा, असं.

सासू : या वयात मला धार काढायला शिकवतेस!

सून : हो. तांबडी राहायला हवी असेल तर शिकवणार. चिडा, दोन दिवस बोलू नका माझ्याशी, पण साबणाने हात धुवा. आणि कास पुसायला हे फडकं काळीचं, ते तांबडीचं. एकच दोघींना फिरवायचं नाही.

सासू : पूर्वी नव्हतं हो असलं काही.

सून : पूर्वी दूध घरात यायचं आणि लगेच चुलीवर चढायचं. आता कॅनमध्ये तासन्‌तास हिंदकळत जातं. जंतूंना तेवढी सवड पुरते. तिथे कुणी आपलं घराणं विचारत नाही. रंग कुणाचं तोंड बघत नाही.

सासू : आण तो साबण. आणि माझ्या डोक्यावर उभी राहू नकोस. तू पुढे काळीला घास टाक, मी काढते.

मुलगा : (बाहेरून) उशीर होतोय हं!

सासू : होऊ दे. ...पहिल्या धारा या वाटीतच ना?

सून : वाटीतच. त्या टाकून द्यायच्या, सडात साचलेले जंतू त्यांतच येतात.

सासू : हं. मुठीत येतंय खरं. काळी, सरळ उभी राहा ग. तुझी परीक्षा नाही, माझी आहे.

सून : बघा, लाथ नाही मारली.

सासू : लगेच कौतुक नको. ...झालं. सूनबाई, थांब. ही चरवी कॅनमध्ये ओतू नकोस.

सून : का? छान फेस आलाय.

सासू : बोटं बुडाली. शेवटी शेवटी. हात आपोआप गेला.

सून : मी नाही पाहिलं.

सासू : तू घास टाकत होतीस. मला माहीत आहे ना.

मुलगा : (आत येत) आई, काळीचं एवढं सगळं दूध बाजूला ठेवायचं! अर्धाच कॅन घेऊन जाऊ? जरासं बोट लागलं तर कोण बघतंय?

सासू : रंग बघतो. हे दूध घरात उकळा. कॅनला शिवायचं नाही.

मुलगा : आणि तिकडे काय सांगू?

सून : सांगा, आज कमी आहे, पण तपासून घ्या.

सासू : मला दुसरी चरवी दे, कढत पाण्याने धुतलेली. आणि साबण इकडे सरकव. तांबडी अजून राहिलीय.