कोनाला इचारायचं

माजा जन्म उरणच्या खाडीकाठचा. बाप मिठागरावर, आई मिठागरावर, मग मी कुठं जानार, मी पन तिथंच. चौथीपर्यंत शाळा झाली आनि डोक्यावर मिठाची पाटी आली. लग्न झालं तं दोन गावं पलीकडं. आमचे हे बंदरावर ट्रेलर चालवायचे, शांत मानूस, कवा हात उगारला न्हाय, तेवढं नशीब चांगलं बोलायचं.

ह्यांना शुगर निघाली, तं पनवेलच्या डॉक्टरानं गोळ्या दिल्या. मग छातीत दुखलं, तं मुंबईला नेलं, त्यांनी निराळ्या गोळ्या दिल्या, त्यात शुगरच्या पन. आनि गुडघ्यांना गावातला डॉक्टर, त्याचं इंजेक्शन आनि गोळ्या घेतल्या का हे दुसऱ्या दिवशी गाडीवर. तिघं पन वाईट न्हायत हां, काय सांगू तुमाला, तिघांनी आपापलं काम केलं. पन एकाला इचारलं का ही गोळी त्या गोळीबरोबर चालंल ना, तं बोलायचा, ते त्या डॉक्टरांना इचारा. त्याला इचारलं तं तो बोलायचा, पहिल्यांना इचारून या. मी आपली पिशवी घेऊन एसटीनं हिकडून तिकडं. एवढी शिकलेली मानसं, खिशात फोन, आनि निरोप कोन नेनार, तं मी.

एक दिवस दुपारी हे जेवायला बसले, घास हातातच राहिला आनि बाजूला कलंडले. गंजी घामानं भिजलेली, डोळे उघडे पन बघत न्हायत. शेजाऱ्याच्या टेंपोतनं पनवेलला नेलं. तिथल्या किडनीच्या डॉक्टरानं माजी पिशवी टेबलावर ओतली आनि बोलला, ह्या दोन पाकिटांची नावं निराळी, गोळी एकच, शुगरची, दोनदा पोटात जातेय. आनि हे दुखन्याचं औषध, ह्यानं किडनी जात आली, त्यात साखर एवढी खाली गेली. मी बोलले, मग चूक कोनाची. तो पाकिटं परत पिशवीत भरत बोलला, तशी कोना एकाची न्हाय. ते मना लई लागलं. मानूस आडवा पडलाय आनि चूक कोनाचीच न्हाय.

तरी माजा मानूस हॉस्पिटलापर्यंत पोचला. चांगी न्हाय पोचली. चांगी कातकरी, लहानपनी माज्याबरोबर पाटी उचलायची, तिला पन तीच गुडघ्याची गोळी, पाय सुजले, तोंड सुजलं, वाडीवर कोनी बघायला गेलंच न्हाय. गेली बिचारी.

मग आमच्या सरकारी दवाखान्यात एक डॉक्टर मॅडम आल्या, तळा तालुक्याकडच्या. त्यांनी ह्यांना तपासलं, समदं ऐकून घेतलं, मना बोलल्या, मावशी, आजपासून कुठल्या पन डॉक्टरानं गोळी दिली तं आधी मना दाखवायची, काय बिघडलं तं जाब मना इचारायचा. माज्यासमोर तिघांना फोन लावले. गावातला डॉक्टर फोनवर बोलला, मना किडनीचं ठाऊकच नव्हतं हो. आनि संध्याकाळी तो घरी आला, ह्यांच्या उशाशी बसून राहिला, चहा पन घेतला न्हाय. मना त्याचा राग होता, पन त्याचं तोंड बघून मीच त्याला दारापर्यंत सोडलं.

मी मॅडमना चांगीचं सांगितलं. आता त्यांची सिस्टर वाडीवर पन जाते.

गेलेली किडनी काय परत येत न्हाय. एक दिवसाआड पनवेलला डायलिसिस, सकाळी निघायचं, आलं का हे भिंतीकडं तोंड करून पडतात. बोलतात, तू दमलीस ना. मी बोलते, न्हाय. दमले तं हाय, ताई, तुमच्याशी खोटं कशाला बोलू. मॅडमची बदली झाली तं काय, हेच डोक्यात असतं. देव त्यांना इथंच ठेवो आनि त्यांच्या लेकरांना सुखात ठेवो.

काल सिस्टर आली, ह्यांचं बीपी बघितलं. जायला उठली, परत बसली, बोलली, मावशी, तुमचा हात द्या. मी बोलले, माजं काय. ती बोलली, तुमचं पन बघायचं, मॅडमनी सांगितलंय. एवढ्या वर्सांत मना कोनी इचारलंच नव्हतं. बीपी लई निघालं. रगत तपासायला उद्या उपाशीपोटी दवाखान्यात या, बोललेत. जाईन म्हनते.