टाकी भरल्याची घंटा

—न्हाय न्हाय दादा, हात नका लावू! ठेवा तो नारळ हाय तिथं, पन्हळीच्या तोंडाशी, काठीला टेकवून—हां, अस्सा. येईल तो पाहुणा आधी नारळच उचलतो, काय गंमत हाय कळत न्हाय. तुमचं काय चुकलं न्हाय हो, माझंच डोकं सकाळपासून फिरलंय. पंप चालू हाय, टाकी भरायला आली, अन् ती भरायच्या टायमाला मी इथं उभी पायजेच—मग पोह्यांना फोडणी कोणी द्यायची? नागावात घरोघरी पाहुणे उतरतात, कुठल्या बाईला असला जाच हाय सांगा. एकीला न्हाय.

हे काय म्हणजे? माझ्या सासऱ्यांचं डोकं, दुसरं काय. रावजी त्यांचं नाव, आम्ही आबा म्हणतो. अर्धा जन्म या वाडीत रहाट हाकला, मग लाइटचा पंप आला, बैल गेला, रहाट बंद पडला—पण ह्यांचे हात गप्प बसतील तर शपथ. हे बघा, टाकीत तो तेलाचा रिकामा कॅन तरंगतोय ना? पाणी वर तसा कॅन वर. कॅननं काठीचं हे टोक उचललं की ते टोक खाली जातं, नारळ सुटतो. पोफळीच्या पन्हळीतनं गडगडत, त्या वळणावरनं, थेट बालदीत. बालदी खाली गेली की दोरी ओढली जाते, दोरी त्या दोन कप्प्यांवरनं रहाटाच्या जुन्या चाकाला, चाक फिरतं, चाकाची खुंटी बैलाच्या घंटेवर बसते—टण्ण! कशासाठी? तर टाकी भरली, कोणीतरी जाऊन बटण बंद करा! बटण बंद करायचं मीच, बरं का. म्हटलं आबा, पाणी सांडलं की कळतंच की मला. तर म्हणतात, सांडल्यावर कळून काय उपयोग, सुनबाई? आता बोला.

हसा तुम्ही. पण जरा हळू—ती खिडकी दिसते ना, आबांची खाट तिला लागूनच हाय. गेल्या श्रावणात पडले. माडावर सरसर चढणारा माणूस, अन् पडला कुठनं, तर घरच्या ओट्यावरनं! खुबा मोडला. तेव्हापासून उठणं न्हाय, नुसतं कौलांकडं बघत पडायचं. ही घंटा वाजली की मात्र आतनं आवाज येतो, "शाब्बास!" मग चहा मागणार, गोळी घेणार, पेपर उलगडणार. अन् न्हाय वाजली तर? एकदा न्हाय वाजली. दोन दिवस भिंतीकडं तोंड करून पडले, पेजेचा घोटसुद्धा घेतला न्हाय. डॉक्टर म्हणाले, हाडाचं मी बघतो, मनाचं तुम्ही बघा. माझा नवरा हर्षद मांडव्याला बोटीवर कामाला, तो म्हणतो, भंगारात घाल ते सगळं, पाहुण्यांच्या दोन गाड्या लागतील तिथं. म्हणजे मनाचं कोणी बघायचं? मीच!

काय? व्हय, रोज वाजते. वाजते म्हणजे... तुम्ही उद्या जाणार ना? मग सांगायला हरकत न्हाय. मी वाजवते. हे उलथणं बघा, याच कामाचं, कमरेला खोचूनच फिरते. काठी हलते, नारळ सुटतो, पन्हळीतनं येतो बरोबर—अन् त्या वळणावर मारतो उडी बाहेर! रोज! मी तो हातात झेलते, म्हणजे पडल्याचा आवाज नको, अन् दुसऱ्या हातानं घंटा. पन्हळ वाकवून बघितली, वळणाला पुठ्ठा बांधला, सात नारळ बदलले, सात! एक म्हणून सरळ जाईल तर हराम. अन् मी इकडं घामाघूम, फोडणी तिकडं करपलेली, आणि शाब्बास कोणाला? बालदीला! अठरा वर्षं झाली मला या घरात, कधी मला म्हणाले न्हाईत शाब्बास.

आधी जायचा, व्हय. आधीचा नारळ वेगळा होता. गोटा होता तो—आतलं पाणी आटून खोबरं सुटलेलं, हलवला की खुळखुळ वाजायचा. आबांनी दोन वर्षं माळ्यावर ठेवून सुकवला, मग काचेनं घासघासून असा गोल केला की चेंडू बघा. त्याचं काय झालं? झालं काहीतरी. ...फुटला. म्हणजे फोडला. मीच फोडला हो! शनिवारी अचानक आठ माणसं आली, वाटपाला सुकं खोबरं न्हाय घरात, तर घेतला आणि घातला कोयता. चुकून? लोकांना तसंच सांगते. पण खोटं कशाला बोलू, हातात घेतला तेव्हा खुळखुळला की तो, कळलं होतं मला. राग आला होता. चार महिने उशा-पायथ्याशी मी करतेय, आणि माणूस विचारतो काय, तर नारळ नीट हाय ना? पाहुणे म्हणाले, वहिनी, रस्सा एक नंबर. मी मात्र तो रस्सा ताटात वाढून घेतलाच न्हाय. दुसऱ्या दिवशी घंटा न्हाय, अन् आबा भिंतीकडं तोंड करून. दोन दिवस तसेच गेले, मग मी उलथणं घेतलं. शाब्बास आली, जरा उशिरानं आली, म्हटलं ग्लानी असेल. कळलं न्हाय त्यांना काहीच, एवढं बरं.

काय? काल संध्याकाळी? व्हय, बसला होतात की त्यांच्यापाशी, मी मासळी साफ करत होते. मग? काय म्हणाले?

आता नारळाची खुळखुळ न्हाय येत, म्हणाले? म्हणजे... पन्हळीतनं येताना—

थांबा, थांबा जरा. पाणी भरलेला नारळ खुळखुळत न्हाय. इथं खिडकीला कान लावून पडलेला माणूस, त्याला ते... अगं बाई. पहिल्या दिवसापासनं? मग रोज ती शाब्बास कोणाला म्हणत होते?

अन् हे तुम्ही मला आत्ता सांगता! मघापासनं मशीन कसं चालतं ते विचारत बसलात!—कॅन आला वर. आला बघा, काठी हलली, हा नारळ, झेलला. आता काय करू? उलथणं कशाला आता, कोणाला फसवायचंय? बटण बंद करते आणि जाते सरळ.

आबा! अहो आबा, भरली हो टाकी! बंद केला पंप!

...

काय? ...घंटा? न्हाय, वाजवली न्हाय मी अजून.

...

व्हय आबा. वाजवते ना. वाजवते.

तुम्ही जा हो दादा आत, पोहे घ्या वाढून. असं बघत नका उभं राहू.