तान्ह्या पोळ्याचं इनाम

— ना जी गुरुजी, तब्येत ठीक हाये आमच्या याइची, हातपाय धड हायेत, तसं काही झालं नाही — मी एवढंच म्हनून राहिली का ते शाल-नारळाचं याइच्या कानावर घालू नका. माझ्यापाशी बोलले, झालं. संध्याकाळच्या गाडीनं येतीन हे पांढुर्ण्याहून — शनवार हाये ना आज, दर शनवारी येतात — त्याच्या आधी तुम्ही निघा. बसा, बसा, लगेच नाही म्हनत, गाडीले वेळ हाये अजून. पानी घ्या. मी वाती वळता वळता बोलून राहिली म्हनून राग मानू नका, हात रिकामा राहिला का मले बोलनं सुचत नाही.

तुमाले काय मालूम असन म्हना. त्या पोळ्यानंतरच्या दिवाळीतच तुमची बदली झाली, पार छिंदवाड्याच्या पलीकडं — आनि आता हेडमास्तर होऊन वापस आले, चांगलं झालं, सौसरले असा मानूस पाहिजेच. आनि आल्या आल्या आमची आठवन केली. कलाकाराचा सत्कार ठेवला म्हनता शाळेत. नैतिक शिक्षनाच्या तासाले पोट्ट्याइले जे शिकवतो ते त्याइच्या डोळ्याले दिसलं पाहिजे म्हनता. हो जी. मागंही दिसलंच होतं त्याइले.

इंदिराजी गेल्या त्याच्या आदल्या सालचा तान्हा पोळा. आठवते ना? आठवनच, काहून नाही आठवन. पोळ्याचा दुसरा दिवस — तिकडं पांढुर्ण्याले त्या दिवशी गोटमार, नदीच्या दोन्हीकडून दगडं — आनि इकडं आपल्या बाजारचौकात लहान लहान पोट्टे लाकडाचे बैल दोरीनं ओढत येतात, कोनाच्या बैलावर झूल, कोनाच्या शिंगाले बेगड. मी शेजारच्या वत्सलाबाईले दरसाल म्हनायची, आपलं गाव बरं बाई, आपल्याइथं कोनाचं डोकं फुटत नाही. त्या साली तुम्ही पंच. इनाम यशवंतरावचं — संत्र्याचे व्यापारी, त्याइच्याशिवाय कोन देते — पानी भराचा पितळी गुंड. आनि सगळ्यात मोठा बैलही त्याइच्याच नातवाचा, हेमंतचा. गुंड त्याइच्या घरून निघे, चौकात मिरवे आनि त्याइच्याच घरी वापस जाये. आंधळ्यालेही दिसे ते. कोनाले त्याचं वाईट वाटे? कोनालेच नाही. पोट्ट्याइले बत्तासे भेटत, आमच्या घरी बैलाचे पैसे येत, सनासुदीचं भागे.

तुम्ही इचारलं. माइक हातात घेऊन. "हेमंत, खरं सांग बाळा, हा बैल कोणी बनवला?" पोरगं तुमच्या वर्गातलं पहिल्या नंबरचं, खरं बोलाव हे तुम्हीच शिकवलेलं — सांगून मोकळं झालं. पुंडलिककाकानं बनवला. मग बाकीचेही लागले, माझाही काकानंच बनवला, माझाही, माझाही — साऱ्या चौकात हसू झालं. आनि तुम्ही याइले मंचावर बोलावलं. हे मागं पानठेल्यापाशी उभे, तोंडात पान, थुकाले जागा नाही, तसंच गिळलं आनि चढले. ज्याचे हात त्याचा मान, म्हनले तुम्ही. या बैलाचे डोळे पाहा, म्हनले, कसा आपल्याकडं पाहून राहिला, याले म्हनतात कलाकाराचा हात. हे तिथून माझ्याकडंच पाहत होते, बायाइच्या गर्दीत मी — डोळे तं मी काढायची ना, काजळीत तेल घालून, आगपेटीच्या काडीनं — जाऊ द्या. ते कुठून निघालं. इसरून जा ते.

सगळ्याइच्या आधी टाळ्या यशवंतरावनं वाजवल्या. खरं सांगून राहिली. हेमंत रडत घरी गेला.

त्याइनं काही त्रास देला काय, म्हनान तुम्ही. ना जी, देवाशपथ ना. कोनी एक शब्द बोललं नाही. बोलले असते तं भांडता तरी आलं असतं. दुसऱ्या दिवशी मीच तो गुंड घेऊन त्याइच्या मागच्या दारी गेली — लेकराचं इनाम हाये, म्हटलं, आमाले कायले पाहिजे. विजयमालाबाई, हेमंतची माय, हसली. "ठेवा ठेवा, आमच्या घरी काय गुंड कमी हायेत?" म्हने. झालं, घेऊन वापस आली. हाच तो. याच्यातलंच पानी पिऊन राहिले तुम्ही.

मग त्याइच्या बंगल्यात पलंग डुगडुगत होता, हे पटाशी-हातोडा घेऊन गेले, तं यशवंतराव म्हनले, "आता तुम्ही कलाकार झाले पुंडलिकराव, पलंगाचा पाय ठोकाले तुमाले कसं सांगाव?" गमतीनं म्हनले. चहा पाजला. आनि रामाकोना गावाहून दुसरा सुतार बोलावला. एकानं गंमत केली का सारं गाव करते. चौकट बसवाची हाये — नाही बाप्पा, तुम्ही कलाकार. वखराचं लाकूड तासाचं हाये — नाही बाप्पा. सारे हसून बोलत, रस्त्यात हात जोडत. काम तेवढं देत नव्हते. मान देला का काम मांगता येत नाही, हे आमाले कुठं मालूम होतं. तुमाले होतं काय?

तरी याइनं दुसऱ्या साली बैल बनवले. उन्हाळ्यापासून, दरसालसारखे, सागाचे तुकडे जमवून. रंग देऊन ओळीनं मांडले भिंतीशी. डोळे आम्ही सगळ्यात शेवटी काढत होतो, गिऱ्हाईक आलं का — वल्ली काजळी पुसते ना, म्हनून. त्या साली काजळी तशीच वाळली वाटीत. सारे नागपूरहून घेऊन आले, दुकानातले, चकचकीत. आनि मी गेली, गुरुजी. काहून गेली देव जाने, हे नको म्हनत होते, तरी गेली पाहाले. पंच नवे. नवा गुंड. त्याइनंही हेमंतले इचारलं, गमतीनंच, काय रे, बैल कोनं बनवला? मी समोरच उभी. पोरानं माझ्याकडं पाहिलं, तोंड लाल लाल झालं त्याचं — आनि म्हने, "मी बनवला." टाळ्या वाजल्या. एका सालात शिकला. हुशार पोट्टा हाये, पहिला नंबर.

आता कुठं असतात म्हनता हे? यशवंतरावच्याच वाड्यात, पांढुर्ण्याले. संत्र्याच्या पेट्या ठोकतात. पट्टी, पट्टी, खिळा. त्याले सुतार नाही लागत, कोनीही ठोकते. दिल्लीचे व्यापारी आले का यशवंतराव त्याइले घेऊन येतात, खांद्यावर हात ठेवतात, हा आमचा कलाकार म्हनतात. हे हसतात. घरी येऊन मले सांगतात तेव्हाही हसतात. मले पहिले राग यायचा. यशवंतरावचा नाही जी, तुमचा. चुलीपाशी बसून तुमाले शिव्या देल्या मी, खोटं कशाले बोलू. मग तोही येनं बंद झालं. आज तुम्ही दारात उभे राहिले तं वाटलं, आता तरी येईन राग. काही झालं नाही. चहा ठेवाव का पानीच द्याव, एवढंच मनात आलं.

सांगू नका याइले. काहून म्हनता? हे हो म्हनतीन ना. तुमाले नाही म्हननं याइच्या तोंडून निघनार नाही. टोपी धुवून घेतीन, येतीन, मंचावर चढतीन. यशवंतराव पुन्हा पहिल्यांदा टाळ्या वाजवतीन. मग पेट्याही कोन ठोकू देईन? — ना, ना, तुम्ही त्याइच्याशी बोलू नका, पाया पडते, तेच नका करू. तुमची बदली होते गुरुजी. आमची नाही होत.

वर काय पाहून राहिले मघापासून? तेच बैल हायेत ते, माळ्यावर, पोत्याखाली. नंदी हाये, जाळता येत नाही. — नातीले पाहिजे? अनुराधा? नाव छान ठेवलं. पोट्ट्याही आनतात आता बैल, आनतात ना, काहून नाही. थांबा, देते काढून. पैसे खिशात ठेवा. — हा घ्या. धूळ पुसली का रंग दिसते खालून. डोळे? नाहीत ना, सांगतलं ना तुमाले. काजळी तुमच्याही घरी धरता येईन, घरी काढून घ्या. मी? ना जी. माझा हात चालत नाही आता.

फक्त एक करा. तान्ह्या पोळ्याले पोट्टीले कोनी इचारलं, बैल कोनं बनवला, तं नागपूरहून आनला म्हनाव तिनं. आजच शिकवून ठेवा. लहान हाये, चटकन शिकन. तुम्हीच शिकवा.

पिशवीत घाला, शिंगं दिसून राहिली. गाडी आली वाटते, हार्न वाजला. मागच्या दारानं जा.