दोन बॉयलरचं मशीन

कोथरूडच्या कॉफी मशीनच्या दुकानात रुपाली आपल्या नंबराची वाट पाहत उभी होती. पुढे साठीपलीकडचं जोडपं, आणि त्यांचं भांड्याला भांडं लागत होतं.

"अहो, माणसं दोन. दोन बॉयलर कशाला? एकवालंच घ्या."

"शरयू, एकवाल्यात आधी माझी काळी कॉफी होणार. मग वाफ तयार होईपर्यंत तू दुधासाठी ताटकळणार."

"बरोबर आहे काका," दुकानदार म्हणाला. "दोनवाल्यात कॉफी आणि दुधाची वाफ एकदमच."

"थांबेन की! अडतीस वर्षं तुमचं झाल्यावरच पितेय. ओट्याशी, उभ्याउभ्या."

"म्हणून तर."

"म्हणून तर काय?"

"एकट्यानं पिऊन कंटाळलोय मी."

शरयूताईंनी दोनवाल्या मशीनकडे पुन्हा एकदा पाहिलं. रुपाली उगाच फोनमध्ये बघू लागली.

"आणि करणार कोण? मीच ना?"

"मी करीन."

"तुम्ही? घरात साखरेचा डबा कुठला, ते तरी ठाऊक आहे का?"

"शिकेन गं."

शरयूताईंनी पदर सावरला, कोपऱ्यातलं स्टूल ओढलं आणि ऐसपैस बसल्या.

"दुकानदारसाहेब, दूध कसं फेसाळायचं ते यांना नीट दाखवा. घाई करतात फार. मी बघते इथनं."