भिकाजीपंतांनी संडासात न्यायचं तरी काय?

...आणि वर घरचे म्हणतात, छापील कागद म्हणजे सरस्वती, ती तिकडे न्यायची नाही! अहो पण, तुम्हाला सांगतो, आमच्या भिकाजीपंतांना त्या मांडवीच्या घरात वाचायला दुसरी जागा होती कुठे? ओटीवर वडील आल्यागेल्याशी आंब्याचे भाव बोलत बसलेले, माजघरात बायका, पडवीत माहेरपणाला आलेल्या दोन बहिणी पोराबाळांसकट, माडीवर आंब्याची अढी! पंत कचेरीतून दमून आले, मासिक उघडलं, की कोणीतरी विचारणारच, 'रिकामाच आहेस ना रे?' राहता राहिला परसातल्या फणसाखालचा संडास. आतून कडी घातली की राज्य आपलं! हातात तांब्या, काखेत मासिक, आणि चेहरा असा फुललेला की बघणाऱ्याला वाटावं, गृहस्थ वरातीला निघालाय.

पण न्यायचं काय? आधी नेला विनोदी अंक. आता जानवं कानाला असलं की तोंडातून शब्द काढायचा नाही, हे मी तुम्हाला सांगायला नको. आणि पंत आत बसून खो खो हसले! गडग्यापलीकडे शेजारची सखू धुणं वाळत घालत होती, ती पिळे टाकून पळाली ना! झालं, गोदूआत्या दारात उभ्या. पंतांच्या वडिलांची ही थोरली बहीण म्हणजे घरचं हायकोर्ट.

'भिक्या, मेल्या, हसतोस कसला? आत काय आहे हसण्यासारखं?'

पंत काय बोलणार? कानाला जानवं! बाहेर आले ते काखेतल्या अंकासकट सापडले. मग अंघोळ, मग खटला. शेवटी आत्याबाई म्हणाल्या, 'बरं, ने हो काय ते. पण त्यात देवाचं नाव असता कामा नये!'

'एवढंच ना?' पंतांनी उडीच मारली.

एवढंच? अहो, मराठी मुलखात छापील कागद आणि त्यावर देव नाही, असं होतं कधी? माणसांची नावंच मुळी तेहतीस कोटींतून काढलेली! वर्तमानपत्र घेतलं, तर पहिल्याच नोटिशीत रामचंद्र विष्णू. औषधाची जाहिरात घेतली, तर ईश्वरकृपेने गुण येतो. बियाण्यांच्या यादीत तुळस. आगबोटीचं वेळापत्रक वाचून दाखवलं बिचाऱ्याने, तर आत्याबाई म्हणतात, 'आणि हे देवगड कुणाचं रे?' आता सांगा, न्यायचं तरी काय?

अशात मुंबईहून मित्राने बोटीने एक पुस्तक धाडलं. रहस्यकथा! नायिका सरोजिनी, नायक दिलीप, बंगला लोणावळ्याला, प्रेत विहिरीत. देवाचा मागमूस नाही! पंत तांब्या घेऊन धावतच सुटले, तो आत्याबाई आडव्या.

'मला मेलीला कुठे वाचता येतं? इथं बसून वाचून दाखव. सगळं. एखादा देव मध्येच निघायचा!'

बसले बापडे. तांब्या बाजूला ठेवून वाचायला लागले. पहिल्या प्रकरणाला आत्याबाई एकट्या होत्या. दुसऱ्याला बहिणी आल्या. तिसऱ्याला पंतांची बायको कमळा चुलीवर भात विसरून उंबऱ्यात टेकली, आणि वडील तर ओटीवरचं गिऱ्हाईक सोडून आत! सरोजिनी विहिरीत डोकावते, मागून एक हात येतो... इथे पंत थांबले. म्हणाले, 'आत्या, आत्तापर्यंत देव नाही हो. आता मी जाऊ?'

'देव राहू दे मेल्या, हात कुणाचा ते सांग!'

शेवटच्या पानापर्यंत वाचावं लागलं, तुम्हाला सांगतो! मग आत्याबाईंनी डोळे पुसले आणि हुकूम दिला, 'स्वच्छ आहे हो. आता ने खुशाल.' आता? खुनी कळल्यावर? रहस्यकथेत मग उरतं काय, आणि न्यायचं काय?

बरं, एवढ्यावर भागलं असतं तरी चाललं असतं. पण घराला चटक लागली ना! आता पुस्तक आलं की आधी तपासणी. सखूसुद्धा धुणं टाकून येते. कचेरीतून आले की पंतांनी मोठ्याने वाचायचं, सरोजिनीसारखं रडायचं, फौजदारासारखं ओरडायचं!

परवा पंत परसाकडे निघाले, तर कमळेने हटकलं, 'अहो, आज हात रिकामे? वाचायला काही नेलं नाहीत?'

पंत घोगऱ्या आवाजात म्हणाले, 'वाचायला नाही गं... जरा गप्प बसायला चाललोय.'